कीर्तन आणि आत्मनिवेदन : आपल्या प्रांतातील एका परंपरेचा विचार

ज्ञातीची स्मरणिका हाती आली, म्हणजे वाचक प्रथम आपल्या माणसांची नावे शोधतो. कोणाचा मुलगा परीक्षेत वर आला, कोणी सभागृहासाठी देणगी दिली, कोणाचे शुभकार्य झाले, कोण निवर्तले, हे सारे तेथे यथाक्रम नोंदलेले असते; आणि ते असावयासच हवे. परंतु यादीवरून घराणे समजते, माणूस समजत नाही. त्याने कोणते दिवस काढले, कशाची लाज बाळगली, कोणत्या प्रसंगी त्याचा धीर सुटला आणि कशाच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला, हे यादीत मावत नाही. ते सांगावे लागते. आणि सांगावयाचे तर ऐकणारा कोणीतरी समोर बसलेला असावा लागतो.

आपले जीवित आपल्याच तोंडाने चारचौघांपुढे मांडण्याची कला आपण पाश्चात्त्यांपासून शिकलो, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. आत्मचरित्र हा छापील ग्रंथाचा प्रकार मराठीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, हे खरे. रमाबाई रानडे ह्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, आणि मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा आरंभ पुष्कळ जण तेथून धरतात. परंतु छापखाना ह्या देशात येण्याच्या कितीतरी आधी, टाळ-मृदंगाच्या साथीने, देवळाच्या सभामंडपात आणि नदीच्या वाळवंटात, आपल्या लोकांनी आपल्या घरची गोष्ट उघडपणे सांगितली आहे. त्यात शिंपी होता, कुंभार होता, महार होता, वाणी होता. मोलकरीण होती आणि नवऱ्याचा मार खाणारी ब्राह्मणाची बायकोही होती. त्या परंपरेचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परतुराभोवतीचा प्रदेश

आपले परतूर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर, जालना आणि परभणी ह्या दोन शहरांच्या दरम्यान, दुधनेच्या खोऱ्यात वसले आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे तो हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्यातील हा तालुका १ मे १९८१ रोजी नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात गेला. राज्यकर्त्यांनी सीमा अशा वारंवार बदलल्या. परंतु संतांनी ह्या प्रदेशाचा जो नकाशा आखून ठेवला आहे, तो आहे तसाच आहे.

परतुरास मध्यबिंदू मानून पाहावे. पश्चिमेस एकनाथांचे पैठण. जवळच, घनसावंगी तालुक्यात, समर्थांचे जन्मस्थान जांब. पूर्वेस हिंगोलीकडे नरसी आणि औंढा नागनाथ. आग्नेयेस गोदातीरी जनाबाईचे गंगाखेड. दक्षिणेस, आज धाराशिव म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, गोरोबाकाकांचे तेर. ज्या माणसांच्या गोष्टी महाराष्ट्राच्या घरोघरी सांगितल्या जातात, त्यांच्यापैकी इतकी माणसे आपल्या पंचक्रोशीची म्हणावीत अशी आहेत. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

नामदेवांचे घर

संत नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मध्ये मानला जातो. जन्मस्थान नरसी की पंढरपूर, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या मराठवाड्यात नरसीचा मान परंपरेने चालत आला आहे आणि त्या गावास आज नरसी नामदेव असेच म्हणतात. पिता दामाशेट, माता गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. सुना, कन्या लिंबाई, भगिनी आऊबाई आणि दासी जनी. असे हे भरलेले घर. ह्या घरातील प्रत्येकाने अभंग रचले, अशी परंपरा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या नामदेवगाथेत ह्या कुटुंबाचा संसार विखुरलेला सापडतो.

तो संसार गुळगुळीत नाही, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मुलाने पिढीजात सुईदोऱ्याचा धंदा सोडून देवाचा नाद धरला, म्हणून आई गोणाई विठ्ठलाशीच भांडावयास उभी राहते आणि आपला मुलगा परत मागते. घरात धान्य नाही, अंगावर धड वस्त्र नाही, आणि घरधनी मात्र टाळ घेऊन नाचतो आहे, असे गाऱ्हाणे राजाई रखुमाईपाशी घालते. एका बाईने दुसऱ्या बाईला आपल्या नवऱ्याविषयी जे सांगावे, तेच हे आहे. नामदेवांची थोरवी वर्णन करावयास बसलेल्या कोणा भक्ताने ह्या तक्रारी सहज गाळल्या असत्या. परंपरेने त्या गाळल्या नाहीत. राजाईचे म्हणणे नामदेवांच्या गाथेतच राहिले, आणि नामदेवांच्या कीर्तनांत ते गायिले गेले.

तीच गोष्ट कच्च्या मडक्याची. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. सारे स्वस्थ राहिले, नामदेव मात्र रागावले आणि मडके कच्चे ठरले. पुढे औंढ्यास विसोबा खेचरांकडून त्यांस उपदेश मिळाला. ज्या पुरुषाने कीर्तनाचा ध्वज भारतभर नेला, त्याच्याच फजितीची ही कथा कीर्तनकार सातशे वर्षे मोठ्या प्रेमाने सांगत आले आहेत. आपल्या थोर पुरुषाचा उणेपणा झाकावा, असे त्यांस वाटले नाही. उलट जो स्वतःस कच्चा म्हणू शकतो त्याचेच म्हणणे श्रोत्यांच्या मनास भिडते, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. नामदेवांच्या नावावर आज जे अभंग गायिले जातात, ते सारे एका व्यक्तीचे नाहीत. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हा एक निराळा कवी अभ्यासकांनी दाखवून दिला आहे, आणि ‘नामा’ ही मुद्रा आणखीही काहींनी वापरली असावी. त्यामुळे ह्या आत्मकथनास न्यायालयातील जबानीसारखे प्रमाण मानता येत नाही. परंतु असे का घडले, हे पाहू गेल्यास कीर्तन ह्या संस्थेचे मर्मच हाती लागते.

‘मी’ कोणाचा?

कीर्तनात मध्यभागी कीर्तनकार उभा असतो. गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, मागे टाळकरी, बाजूस पखवाजवादक आणि समोर श्रोते. कीर्तनकार अभंगाचा एक चरण म्हणतो, त्याचे निरूपण करतो, दृष्टांत देतो, आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. त्या वेळी टाळकरी व श्रोते ते ध्रुपद उचलून धरतात. अभंगाच्या अखेरीस रचनाकाराचे नाव येते. ही मुद्रिका म्हणजे केवळ सही नव्हे. ती एक प्रकारची परवानगी आहे. ‘हे दुःख नाम्याचे आहे’ असे सांगून कोणीही ते दुःख आपल्या तोंडाने ‘मी’ म्हणून गावे, अशी ती सोय आहे.

ह्याचा परिणाम मोठा विलक्षण होतो. व्याख्यानात वक्ता आपली हकीकत सांगतो आणि श्रोते ऐकतात. दोघांच्या मध्ये अंतर राहते. कीर्तनात मात्र श्रोत्यास तो ‘मी’ स्वतःच्या जिभेवर घ्यावा लागतो. शेकडो माणसे एका सुरात, एका माणसाची लाज, भूक आणि तळमळ आपली म्हणून उच्चारतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९७५ साली जोनाथन फॉक्स आणि जो सालास ह्यांनी ‘प्लेबॅक थिएटर’ नावाचा नाट्यप्रकार सुरू केला. त्यात प्रेक्षकांपैकी कोणी उठून आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगतो आणि नटमंडळी तेथल्या तेथे तो करून दाखवितात. हा प्रकार आता अनेक देशांत पसरला आहे आणि तो स्तुत्यही आहे. तथापि तेथे सांगणारा एक, करून दाखविणारे दुसरे आणि पाहणारे तिसरे असतात. कीर्तनात ही तिन्ही कामे एकमेकांत मिसळून जातात.

नामदेवांनी ही पद्धत घेऊन उत्तरेकडे प्रवास केला. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन त्याच गावी भरले होते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदे घेतली गेली आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एकात नामदेव आपल्यावर गुदरलेला प्रसंग स्वतःच सांगतात. आपण आनंदाने देवळात आलो, भजन करीत असता जातीने हीन म्हणून आपणांस धरून बाहेर घालविण्यात आले, आपण घोंगडी उचलून देवळाच्या मागे जाऊन बसलो, असा त्याचा आशय आहे. पुढे देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपल्याकडे औंढा नागनाथाविषयी सांगतात. एका मराठी शिंप्याचा अपमान आजही पंजाबातील गुरुद्वारांत शबद-कीर्तनाच्या रूपाने जतन झालेला आहे, ही गोष्ट ज्ञातिबांधवांनी नीट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

जात्यावरील सभा

स्त्रियांस फडावर उभे राहून कीर्तन करण्याची मुभा क्वचितच होती. त्यांची सभा पहाटे जात्याभोवती भरत असे. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. दळणकांडण, धुणे, शेणी गोळा करणे हा तिचा दिनक्रम. आणि त्या प्रत्येक कामात देव आपल्यासोबत आहे, आपले जाते ओढतो आहे, केस विंचरतो आहे, असे ती सांगते. ज्यास आपले म्हणावे असे माणूस नाही, तिने देवालाच घरचे माणूस केले. तिची मुद्रिकाही पाहण्यासारखी आहे: नामयाची दासी जनी. आपला दर्जा तिने लपविला नाही. नावातच गोवून टाकला.

जनाबाईनंतरच्या शतकांत ज्या असंख्य स्त्रिया जात्यावर बसल्या, त्यांचीही आत्मकथा ओवीत आली. माहेरची ओढ, सासूचा धाक, भावाची वाट पाहणे, मेलेले मूल, नवऱ्याचा अबोला, हे सारे दोन बायका समोरासमोर बसून, एकीने ओवी टाकावी आणि दुसरीने ती पुरी करावी, अशा रीतीने बोलत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावच्या स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गावात पिठाची गिरणी आली आणि स्त्रियांच्या हातांचे कष्ट वाचले, हे इष्टच झाले; परंतु त्याबरोबर ती पहाटेची सभाही मोडली, आणि तिच्या जागी दुसरी सभा आपण उभी केली नाही.

चोखोबाची गोष्ट आणि ऐकणाऱ्यांचे कर्तव्य

आता ह्या परंपरेतील अत्यंत कठीण प्रकरणाकडे वळावयाचे आहे. मंगळवेढ्याचा चोखामेळा नामदेवांच्या मंडळातील. तो, त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, ह्या सर्वांचे अभंग आज उपलब्ध आहेत. एका अस्पृश्य कुटुंबातील पाच माणसांनी आपापल्या तोंडाने आपले जिणे सांगावे, असे उदाहरण त्या काळी अन्यत्र सापडणे कठीण. देहाचा विटाळ मानता, तर देह विटाळावाचून कोणाचा झाला आहे, असा प्रश्न सोयराबाई विचारते. कर्ममेळा तर देवासच जाब विचारतो की, अशा जातीत घालून वर भक्तीची अपेक्षा कशी करतोस.

परंपरेनुसार शके १२६० म्हणजे १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता, त्या त्यांनी चोखोबाच्या म्हणून ओळखल्या, अशी कथा आहे. त्या त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. नामदेवांची पायरीही तेथेच, महाद्वारात. सारांश, आपला मित्र जिवंतपणी ज्या दारातून आत जाऊ शकला नाही, त्या दारापर्यंत त्याला मरणानंतर पोचविण्याचे काम एका शिंप्याने केले.

ह्यानंतर सहाशे वर्षे चोखोबाची ही आत्मकथा महाराष्ट्रात कीर्तनांतून सांगितली गेली. महिपतीने १७६२ साली पुरा केलेल्या ‘भक्तविजया’तून ती घरोघरी वाचली गेली. श्रोत्यांचे डोळे पाणावले, टाळकऱ्यांनी ध्रुपद धरले, चोखोबाचा ‘मी’ सहस्रावधी सवर्ण मुखांनी उच्चारला. आणि त्याच काळात, त्याच पंढरपुरात, चोखोबाच्या जातीच्या माणसास समाधीपुढे एक पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी ते सुटले, तेव्हा हरिजनांसाठी विठ्ठलमंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे होतात.

ह्या आकड्यापुढे आपण थोडे थांबले पाहिजे. दुसऱ्याची कथा ऐकून गहिवरणे आणि त्या कथेप्रमाणे वागणे ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे तो सांगतो. ऐकणे हेच पुण्य मानले, की ऐकणारा मोकळा होतो आणि सांगणारा जेथल्या तेथे राहतो. नामदेव मात्र नुसते ऐकून थांबले नाहीत. ते मंगळवेढ्यास गेले. ज्यास स्वतः देवळातून बाहेर घालविले होते, त्यास दुसऱ्याचे बाहेर राहणे समजले. जे आपणांस नामदेवांचे म्हणवितात, त्यांच्यावर म्हणूनच इतरांहून अधिक जबाबदारी येते.

संतांनी विचारले, म्हणून

आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतील नववी आणि अखेरची भक्ती. देवास स्वतःस समर्पण करणे, हा तिचा मूळ अर्थ. परंतु मराठीत ‘निवेदन’ ह्या शब्दाबरोबर सांगण्याचा अर्थही तिला येऊन चिकटला. तुकोबांनी ह्या दोन्ही अर्थांस पुरेसे असे केले. त्यांनी आपला जीवनवृत्तांत एका अभंगात सांगितला आहे, आणि तो का सांगितला हेही तेथेच म्हटले आहे: हे बोलू नये, परंतु संतजनांनी विचारले म्हणून बोलतो. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात व्यापार बुडाला, मानहानी झाली, एक पत्नी अन्न अन्न करीत मेली. हे सारे ते कमीत कमी शब्दांत सांगतात. सांगण्यास संकोच असावा आणि ऐकणाऱ्यांनी आग्रहाने विचारावे, हा ह्या परंपरेचा शिष्टाचारच दिसतो.

तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) ह्याही आपल्याच प्रांताच्या. वेरूळजवळचे देवगाव हे त्यांचे जन्मगाव, आणि वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न, घर सोडून देशोधडी, कोल्हापुरास मुक्काम, लळा लागलेल्या वासराचा मृत्यू, शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने केलेली मारहाण, हे सर्व त्यांनी आपल्या अभंगांत क्रमाने सांगितले आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनास त्या वासरासह जात असत. त्यावरूनच लोकांत बोलबाला झाला आणि पुढचे दुःख ओढवले. मृत्यू जवळ आला असता आपले पूर्वीचे बारा जन्म त्यांनी पुत्रास सांगितले. मराठीतील स्त्रीचे पहिले सलग आत्मकथन कोणते, असे कोणी विचारल्यास आपण ह्या मराठवाड्याच्या कन्येचे नाव निःशंकपणे सांगावे.

निजामी अमदानी आणि त्यानंतर

निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागत असे. अशा स्थितीत मराठी भाषेत मोठ्या समुदायापुढे मनातले बोलण्याचे जे थोडे प्रसंग उरले, त्यांत भजन, कीर्तन, सप्ताह हे प्रमुख होते. त्या काळी लिहिता न येणाऱ्या माणसाच्याही कानांत मराठी शुद्ध राहिली, ती ह्या देवळांमुळे. ह्याच पार्श्वभूमीवर १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आपल्या परतुरास भरले, ही गावाच्या इतिहासातील अभिमानाची घटना होय. मराठी माणसांनी एकत्र बसून आपली गाऱ्हाणी राजकीय भाषेत मांडण्याचा तो आरंभ होता. परंतु एकत्र बसणे आणि गाऱ्हाणे मांडणे ह्यांचा सराव त्यापूर्वी कित्येक शतके चालू होता.

विसाव्या शतकात ह्या परंपरेस आणखी फाटे फुटले. सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे ह्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाचा अनुभव गाण्यातून व संवादातून रंगमंचावर आणला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या, गाव सोडून आलेल्या मजुराचे मन शाहिरीत आले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर कीर्तनाचा साचाच बदलला. ते निरूपण करीत नसत, प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करता काय, देवापुढे बकरे मारता काय, मुलांस शाळेत घालता काय, असे एकेक विचारून ते समुदायाकडूनच उत्तर घेत. श्रोत्यास आपल्या घराची झडती आपल्याच तोंडाने द्यावी लागे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस बांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी केलेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे. बाबांच्या प्रत्येक प्रश्नानंतर जो सामुदायिक होकार-नकार उठतो, तो ऐकला म्हणजे कीर्तन हे किती जिवंत साधन आहे ह्याची खात्री पटते.

आपल्या मेळाव्यापुरते

एवढे विवेचन केल्यावर एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या वार्षिक मेळाव्याचा बराच वेळ सत्कारात जातो. शाल, श्रीफळ, हार आणि छायाचित्र ह्यांत दुपार होते, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून उरलेली भाषणे आवरती घेतली जातात. सत्कार बंद करावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांतील एक तासभर वेळ बाजूस काढून, दरवर्षी समाजातील तीन-चार स्त्री-पुरुषांनी आपल्या जीवनातील एखादा प्रसंग सर्वांपुढे सांगावा, अशी प्रथा पाडता येणार नाही काय? हाताच्या सुईवर कुटुंब पोसणाऱ्या पिढीतील वृद्ध आज थोडेच उरले आहेत. शिवणयंत्र घरात आले तो दिवस, लग्नसराईत रात्रभर जागून शिवलेले कपडे, तयार कपड्यांची दुकाने झाल्यावर ओस पडलेली ओटी, पोटासाठी जालना, संभाजीनगर किंवा मुंबई गाठलेली मुले, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांच्याच तोंडून ते ऐकावयास हवे. ही माणसे गेली, की ते कोणत्याही स्मरणिकेतून परत मिळणार नाही.

असा प्रघात पाडावयाचा तर त्याचे नियमही परंपरेतूनच घ्यावेत. सांगणाऱ्याने विजयाच्या गोष्टीपेक्षा आपल्या कच्च्या मडक्याची गोष्ट आधी सांगावी. जे आपले असेल तेच आपल्या नावानिशी सांगावे. दुसऱ्याच्या घरचे बोलू नये. राजाईस बोलू द्यावे, म्हणजे घरातील स्त्रियांची तक्रार आपल्या थोर पुरुषांच्या लौकिकास बाधक वाटली तरी ती ऐकून घ्यावी. ज्यांस बोलण्याचा संकोच वाटतो त्यांस, संतांनी तुकोबांस विचारले तसे, आपण होऊन विचारावे. आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवून घरी जाऊ नये. विधवेने आपली अडचण सांगितली, तर त्या वर्षी तिच्या मुलाच्या फीचे काय झाले, हे पुढच्या मेळाव्यात विचारले जावे. लग्नातील देण्याघेण्यापायी कर्जात बुडालेल्या बापाने आपली हकीकत सांगितली, तर ती ऐकणाऱ्या वरपित्यांनी आपल्या मागणीचा फेरविचार करावा.

शेवटी, ही सभा आपल्या ज्ञातीपुरतीच ठेवावी काय, हाही प्रश्न आज ना उद्या विचारावाच लागेल. नामदेवांच्या वाळवंटातील मेळ्यात कुंभार, सोनार, माळी, महार, दासी सारे होते, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाची गोष्ट दुसऱ्यांनी गायिली म्हणूनच ती आपणांपर्यंत आली. शिंप्याच्या गोष्टी केवळ शिंप्यांनीच ऐकल्या असत्या, तर त्या पंजाबपर्यंत पोचल्या नसत्या. वर्षातून निदान एका मेळाव्यास गावातील इतर समाजांच्या कुटुंबांस, विशेषतः ज्यांच्यासाठी दारे उशिरा उघडली त्यांस, आग्रहाने बोलवावे, मानाने पुढे बसवावे आणि त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकावी. कार्यकारी मंडळाने ह्या सूचनेचा विचार करावा, आणि पुढील मेळाव्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांस एकदा तरी विचारावे की, ‘तुमचे दिवस कसे गेले, ते सांगा’, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे.